वॉशिंग मशीनच्या मोटारचे कार्बन ब्रश घरी बदलता येतील का?

प्रश्न : आमचं फ्रंट लोड मशीन पाणी घेतं, पण ड्रम फिरत नाही. हाताने ढकलला की कधी कधी सुरू होतो. मोटार जळाली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. ही झिजलेल्या कार्बन ब्रशची, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची, नेहमीची खूण आहे. आधी मोटार कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. इन्व्हर्टर किंवा इंडक्शन मोटारीत ब्रश नसतातच.

प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. मागचं झाकण उघडून पट्टा उतरवा. वायरिंगचा फोटो घ्या, कनेक्टर सोडवा, बोल्ट काढून मोटार बाहेर घ्या. ती जड असते, खालून हात धरा. दोन्ही बाजूंना ब्रशचे होल्डर दिसतील. कार्बन साधारण १ सेंटिमीटरपेक्षा आखूड उरला असेल, तर दोन्ही ब्रश बदला. एकच बदलण्याची काटकसर करू नका. जुना ब्रश दुकानात न्या, कारण रुंदी-जाडीत थोडाही फरक पडला तर तो होल्डरमध्ये अडकतो किंवा खडखडतो. तिरक्या टोकाची दिशा जुन्यासारखीच ठेवा.

आता कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं फिरतं कडं, नीट पाहा; खरं उत्तर तिथेच मिळतं. नुसता काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा, कोरड्या ब्रशने भुकटी झाडा. मात्र तांब्याची एखादी पट्टी वर आली असेल किंवा जळाली असेल, तर नवे ब्रशही लवकर खराब होतील. अशी मोटार दुरुस्तीलाच द्यावी.

जोडल्यावर मशीन कपड्यांविना एकदा चालवा. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतील. ब्रश कम्युटेटरवर बसला की त्या कमी होतात.