झ्विफ्टमधला तुमचा सायकलस्वार उभा का राहतो?

झ्विफ्ट या घरातल्या सायकलिंगच्या ऑनलाइन खेळात चढावर पडद्यावरचा आपला सायकलस्वार अचानक सीटवरून उठला, आणि आपण तर बसूनच पेडल मारत होतो, या तुमच्या गोंधळाचे कारण सोपे आहे: ट्रेनर, म्हणजे सायकल जोडायचे यंत्र, झ्विफ्टला तुमची पॉवर (पेडलवरचा जोर) आणि कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) कळवतो, तुम्ही बसला आहात की उभे हे त्याला दिसत नाही. रस्त्याचा चढ तीन टक्क्यांहून अधिक आणि कॅडेन्स साधारण सत्तरच्या खाली असेल, तर पडद्यावरची आकृती उभी राहते. पेडल वेगाने फिरवू लागलात की ती पुन्हा बसते. तिच्या उठण्याने वेग वाढत नाही, म्हणून तिला उभे करण्यासाठी कॅडेन्स मुद्दाम पाडू नका. गुडघ्यांवर विनाकारण ताण येतो.

दुसऱ्या स्वाराच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला असताना ही आकृती कंबर सरळ करून बसते. गर्दीत ही खूण मला फार मोलाची वाटते, कारण ती पुन्हा वाकली की आडोसा सुटला हे लगेच कळते.

वेगावर खरा परिणाम करणारी ढब एकच, सुपरटक. तीव्र उतारावर, ताशी सुमारे ५८ किलोमीटरच्या वर, पेडल पूर्ण थांबवले की स्वार पुढे झुकून दुमडतो आणि हवेचा रोध घटतो. टाइम ट्रायल (एकट्याने वेळेविरुद्धच्या शर्यतीच्या) सायकलवर मात्र हे घडत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर ही ढब कधीही वापरू नका. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२१ मध्ये शर्यतींत तिच्यावर बंदी घातली आहे.