82 किलो वजन, 31 उड्या आणि 150ची कॅनपी: ही रिग घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात राहता, स्कायडायव्हिंगचं (विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारण्याचं) पहिलं, म्हणजे ए लायसन्स नुकतंच मिळालं, 31 उड्या झाल्या, वजन 82 किलो. ड्रॉपझोनवरच्या (जिथे उड्या मारतात त्या मैदानावरच्या) एकाकडून सेकंड हँड रिग (पाठीवर बांधायचा पॅराशूटचा पूर्ण संच) 4,200 डॉलरला मिळतेय, त्यात मेन कॅनपी (मुख्य पॅराशूटचं छत) 150 चौरस फुटांची आहे. मित्र म्हणतात, "वर्षभरात छोट्या कॅनपीवर येणारच आहेस, मग दोनदा खर्च कशाला?" शिवाय तुम्ही विचारलंय की एएडी (वेळेत पॅराशूट उघडलं नाही तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र) खरंच लागतो का, गोप्रो कॅमेरा कधी लावता येईल आणि घरच्यांना काय सांगायचं.

घेऊ नका. रिग उत्तम स्थितीत असेल, विकणारा माणूस सज्जन असेल, किंमतही वाजवी वाटते. पण ती कॅनपी आज तुमच्यासाठी नाही.

आधी हिशोब करू. तुमचं वजन 82 किलो. रिग, हेल्मेट, जंपसूट, बूट मिळून साधारण 11 किलो धरा. झाले 93 किलो, म्हणजे 205 पाउंड. त्याला 150ने भागलं की विंग लोडिंग, म्हणजे कॅनपीच्या दर चौरस फुटावर किती पाउंड भार, ते येतं 1.37. नवख्या माणसाने 1च्या आसपास राहावं, असं जवळजवळ प्रत्येक इन्स्ट्रक्टर सांगतो. 210च्या कॅनपीवर तुमचा आकडा 0.98 येतो, 190वर 1.08. ज्या स्टुडंट कॅनपीवर तुम्ही शिकलात ती बहुधा 230 किंवा त्याहून मोठी असेल. तिथून थेट 150वर येणं म्हणजे मधल्या तीन-चार पायऱ्या न चढता गच्चीवर उडी घेणं.

आकडा 1.37 झाला की नेमकं काय बदलतं, हे ड्रॉपझोनवर शेकोटीभोवतीच्या गप्पांत कुणी नीट सांगत नाही. पुढे जाण्याचा वेग वाढतो, हे तर सगळेच सांगतात. खरा धोका वळणात असतो. छोट्या कॅनपीच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे एक टॉगल (वळायला आणि ब्रेक लावायला ओढायचं हँडल) ओढला की ती चटकन कलते आणि वळता वळता खूप उंची गमावते. 210च्या कॅनपीवर जी चूक तुम्हाला गुडघ्यावर पाडून पँट हिरवी करेल, तीच चूक 150वर हाड मोडते.

हे मी स्वतःच्या पायावरून सांगतोय. माझं वजन तेव्हा 72 किलो होतं आणि 68व्या उडीला मी 150वर होतो. विंग लोडिंग 1.22, म्हणजे तुमच्यापेक्षा कमीच. त्या दिवशी विमानातून बाहेर पडायला उशीर झाला, कॅनपी उघडली तेव्हा मैदान लांब राहिलं होतं. खाली बदामाची बाग आणि तिच्या कडेला नांगरलेली एक मोकळी पट्टी. पट्टी गाठली, पण जमीन जवळ आल्यावर शेजारच्या पाण्याच्या टाकीवरचं फडकं दिसलं आणि कळलं, वारा पाठीमागून येतोय. शिकताना हजारदा ऐकलेलं असतं की वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं. हात आपोआप हलला, उजवा टॉगल खाली गेला. उंची असेल 60-70 फूट. कॅनपी वळली खरी, पण सरळ व्हायला तिला जागाच उरली नाही. उजव्या पायाची नडगी आणि घोटा दोन्ही गेले. आत एक पट्टी आणि नऊ स्क्रू आहेत. सात महिने विमानात पाय ठेवला नाही.

वारा पाठीशी असतानाच सरळ गेलो असतो, पूर्ण फ्लेअर केला असता (उतरताना दोन्ही टॉगल खाली ओढून वेग मारला असता), जमिनीला लागताना पाय जुळवून लोळलो असतो, तर मातीने माखून उठलो असतो इतकंच. खाली येऊन वळू नका, वारा पाठीशी असला तरी सरळ उतरा. वळावंच लागलं तर दोन्ही ब्रेक अर्धे ओढून, त्यातला एक किंचित सोडत सपाट वळा. हे वळण वर 3,000 फुटांवर इतक्या वेळा करून बघा की हाताला सवय होईल. कॅनपी कंट्रोलचा कोर्स घ्या, त्यात हेच घोटून घेतात.

आता मित्रांच्या "दोनदा खर्च" या मुद्द्याबद्दल. हे बोलणारे बहुतेक लोक वाईट नसतात. शनिवारी सूर्य मावळला की विमान थांबतं, शेकोटी पेटते, कुणाची तरी पहिली काहीतरी असते म्हणून बिअरचा क्रेट येतो (माझ्या 100व्या उडीला मी क्रेटसोबत आईने पाठवलेल्या चकल्या नेल्या होत्या, त्या आधी संपल्या). या माणसांनी मला रिकाम्या रविवारी पॅकिंग शिकवलं, प्लास्टर असताना घरी जेवण आणून दिलं. माझा जीव आहे त्यांच्यावर. पण त्या शेकोटीशी 4,000 उड्या झालेला माणूस सल्ला देतो तेव्हा तो आजच्या स्वतःच्या हातांनी विचार करत असतो. त्याला आपली 31वी उडी आठवत नसते. आणि "तू लवकर शिकतोस" हे ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी तुमची लँडिंग कशी पाहिली? शांत हवेत, मोठ्या मैदानात, ठरलेल्या पॅटर्नमध्ये. अनोळखी शेतात, समोर कुंपण असताना तुम्ही काय कराल हे त्यांनी पाहिलेलं नाही, आणि तुम्हीही पाहिलेलं नाही. सल्ला घ्यायचा तर ज्यांनी तुमच्या लायसन्सवर सही केली त्या इन्स्ट्रक्टरचा आणि रिगरचा (पॅराशूट तपासणाऱ्या आणि पॅक करणाऱ्या जाणकाराचा) घ्या.

खर्चाचं म्हणाल, तर जुनी 210 किंवा 190 घेतलीत आणि 100-150 उड्यांनी विकलीत, तर फार पैसे जात नाहीत. या आकाराला गिऱ्हाईक कायम असतं, कारण दर मोसमात नवे लोक शिकून बाहेर पडतात. फक्त कंटेनर (कॅनपी ज्यात पॅक होते ती पाठीवरची पिशवी) असा बघा की त्यात आज 210 आणि उद्या 190 दोन्ही बसेल.

तुम्ही एकदाही रिझर्व्हचं (राखीव पॅराशूटचं) माप लिहिलं नाहीये, ते विचारा. 150च्या मेनसाठी बनवलेल्या कंटेनरमध्ये रिझर्व्ह बहुधा त्याहून छोटा असतो. रिझर्व्ह उघडण्याची वेळ येते ती तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी. हवेत कुणाचा गुडघा डोक्याला लागून तुम्ही बेशुद्ध असाल, खांदा निखळलेला असेल, किंवा उंची कमी राहिल्याने खाली जे येईल तिथेच उतरावं लागेल. अशा वेळी फ्लेअरसुद्धा न करता जिच्याखाली माणूस वाचू शकेल, अशी कॅनपी डोक्यावर हवी. 93 किलोला 120-130 चौरस फुटांचा रिझर्व्ह ही माझ्या दृष्टीने मेनपेक्षाही मोठी चूक आहे.

एएडीबद्दल माझं मत पक्कं आहे: त्याच्याशिवाय उडी मारू नका. स्टुडंट असताना तो सक्तीचा होता, लायसन्सनंतर अमेरिकेत कायद्याने सक्ती नाही, पण अनेक ड्रॉपझोन स्वतःच आग्रह धरतात आणि योग्य करतात. 1991 साली जर्मनीहून सायप्रेस नावाचं असं यंत्र आलं आणि हा खेळच बदलला. साधारण 750 फुटांवर तुम्ही अजून मुक्त पडत असाल, तर ते रिझर्व्हच्या पॅकची दोरी कापतं आणि रिझर्व्ह उघडायला लागतो. सकाळी ते चालू करण्याची एक रीत आहे: बटण दाबायचं, लाल दिवा चमकला की लगेच पुन्हा दाबायचं, असं एकूण चारदा. मग पडद्यावर आकडे उतरत जातात आणि शून्यावर थांबतात. मी दर सकाळी ते शून्य येईपर्यंत दुसरं काही करत नाही. मात्र वर सांगितलेल्या माझ्या अपघातात एएडीचा काही उपयोग नव्हता, कारण कॅनपी उघडलेलीच होती. जुनी रिग घेताना एएडीच्या निर्मितीची तारीख बघा. त्याला ठरावीक आयुष्य असतं, आणि ते संपत आलेलं असेल तर हजार डॉलरहून जास्त खर्च तुमच्या डोक्यावर बसेल.

आरएसएल (मेन सुटली की रिझर्व्ह आपोआप उघडणारी पट्टी) काढून टाक, असंही कुणीतरी सांगेल. कटअवे केल्यावर, म्हणजे बिघडलेली मेन सोडून दिल्यावर, आधी शरीर स्थिर करावं, मग रिझर्व्ह ओढावा, असा त्यांचा युक्तिवाद. कॅमेरा घेऊन उडणारे अनुभवी लोक ते विचारपूर्वक ठरवतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण तुमच्या-माझ्यासारख्याने कटअवे करून "स्थिर" होण्यात किती सेकंद घालवले हे तेव्हा कळत नाही. मेन निघाली की तिनेच रिझर्व्ह खेचून काढावा, यासाठी बिल बूथ यांनी स्कायहूक आणलं. आज कटअवे करताना आपण ज्या तीन कड्यांच्या जोडणीवर भिस्त ठेवतो, तीही त्यांचीच. तुम्ही बघताय त्या रिगमध्ये स्कायहूक किंवा तशी एखादी यंत्रणा असेल तर तिची किंमत थोडी जास्त असणं रास्त आहे.

दुसरी रिग शोधाल तेव्हा पैसे देण्याआधी ती तुमच्या रिगरकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. रिझर्व्ह अमेरिकेत दर 180 दिवसांनी रिगरने उघडून पुन्हा पॅक करावा लागतो. कार्डावर तारीख असते आणि पिनवर लाल धाग्याला शिशाचं छोटं सील. मेनच्या दोऱ्या नीट बघा. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या (कॅनपी हळू उघडावी म्हणून दोऱ्यांवरून सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापतात आणि आखडतात, बाहेरच्या आणि ब्रेकच्या जास्त. ब्रेकच्या आखडल्या की टॉगल पूर्ण वर असतानाही कॅनपी थोडी दाबलेलीच राहते आणि फ्लेअरला बळ उरत नाही. लोक म्हणतात "कॅनपी म्हातारी झाली", बऱ्याचदा दोऱ्या बदलल्या की ती पुन्हा तरुण होते. कापडही हाताने चाचपून बघा. झिरो पोरॉसिटीचं (हवा आरपार न जाऊ देणारं) नवं कापड इतकं निसरडं असतं की पॅक करताना गुडघ्याखालून सटकतं, म्हणून शिकाऊ पॅकरला थोडी वापरलेली कॅनपीच सोपी जाते.

स्वतःची रिग म्हणजे पॅकिंगही स्वतःचं. इथे एकच गोष्ट सांगतो, बाकी इन्स्ट्रक्टर शिकवेल. पायलट शूटच्या (मेनला बाहेर खेचणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) पट्टीवर एक छोटी खिडकी असते. पायलट शूट नीट ताणून ठेवलं असेल तरच त्या खिडकीत रंगीत दोरी दिसते. ती न बघता पॅक बंद केलंत, तर वर पायलट शूट नुसतंच मागे फडफडत राहील आणि मेन बाहेर येणार नाही. मी पॅक बंद करण्याआधी ती दोरी बोटाने शिवतो आणि तोंडाने "निळी" म्हणतो. आजूबाजूला कितीही गप्पा चालू असोत.

गोप्रोसाठी यूएसपीएची (अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेची) शिफारस 200 उड्यांची आहे. तोवर थांबा. कॅमेरा अडकतो हा एक भाग झाला, पण तुमचं लक्ष उंचीवरून उडतं, हे त्याहून वाईट. हेल्मेट चांगलं घ्या, मनगटावर अल्टिमीटर आणि हेल्मेटमध्ये आवाज देणारा दुसरा ठेवा. आवाजावर विसंबून मनगट बघणं सोडू नका.

राहिले घरचे. माझी आई पुण्याची. तिला शीतल महाजन ठाऊक होत्या. 2004 साली उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिलीच उडी मारलेली मुलगी म्हणून पेपरात वाचलेलं. त्यामुळे हा खेळ काय आहे हे समजावावं लागलं नाही, पण भीती तीच. मी तिला आकडे सांगितले. 1970च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी 40हून जास्त माणसं या खेळात जात. 2023 साली सुमारे 36 लाख 50 हजार उड्यांमध्ये 10 मृत्यू झाले. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या दहांचं काय चुकलं?" तेव्हा मला खरं सांगावं लागलं की दरवर्षी अशांतल्या बऱ्याच जणांचं पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं, ते जमिनीजवळ वळताना जातात. त्यानंतर मी 190 घेतली आणि तिला फोटो पाठवला. आज 340 उड्या झाल्यात, 170वर आहे. लपवू नका घरच्यांपासून, आणि विम्याच्या पॉलिसीत स्कायडायव्हिंग वगळलंय का तेही एकदा वाचा.

तुमची उंची तुम्ही लिहिलेली नाही. हार्नेस (रिगचे अंगाला बांधायचे पट्टे) लांब पडला तर हँडल जागेवर राहत नाहीत, ऐन वेळी हात शोधत बसतो. उंची आणि खांद्यापासून मांडीच्या सांध्यापर्यंतचं माप कळवा, म्हणजे कोणत्या मापाचा हार्नेस शोधायचा ते सांगता येईल. आणि त्या विकणाऱ्याला आजच कळवून टाका की रिग नको, म्हणजे तोही दुसरं गिऱ्हाईक बघेल.