वाचकांचे प्रश्न : बेल्ट बदलला, तरी पाणी का उतरतंय?

प्रश्न : पूर्व द्रुतगती मार्गावरून ठाण्याकडे येताना विक्रोळीपुढे बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टेअरिंग जड झालं आणि तापमानाचा काटा लालवर गेला. गाडी तशीच कांजूरपर्यंत आणली. मेकॅनिकने तुटलेला बेल्ट (वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टेअरिंग पंप फिरवणारा) बदलून रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरलं. गाडी (पेट्रोल, सात वर्षं जुनी) नीट चालते, पण दोन-तीन दिवसांनी पाणी कमी झालेलं दिसतं. हेड गास्केट (इंजिन आणि त्याच्यावर बसणारं हेड यांमधलं सील) गेलं का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : इतक्यात हेड उघडायला देऊ नका. घाईत पाणी भरलं की हेडमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत हवा अडकते. ती सुटेल तशी पातळी एक-दोनदा उतरते, त्यात गास्केटचा दोष नसतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, हीटर सर्वात गरमवर, एसी बंद, आणि गाडी आयडलवर ठेवा. थर्मोस्टॅट (पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गरम झाला की जाड फडक्याने धरून दाबा-सोडा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल तसं भरत राहा, तोंड मात्र लांब ठेवा. पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा आणि पुढचे काही दिवस गार इंजिनवर पातळी बघा.

तरीही उतरलं तर प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर छापलेला दाब (बहुधा 0.9 ते 1.1 बार) द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा पडला आणि वॉटर पंपाखाली, होजच्या जोडावर किंवा रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला थेंब दिसला, तर स्वस्तात सुटलात. बाहेर सगळं कोरडं असेल तर ब्लॉक टेस्टर लावायला सांगा. त्यातलं निळं द्रावण पिवळं पडलं की जळालेला गॅस पाण्यात येतोय, म्हणजे गास्केट गेलं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखं काही दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच फिरणाऱ्या गाडीत ते नुसत्या वाफेनेही साचतं. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूही करू नका.

हेड उतरवावंच लागलं तर फेसिंगआधी (तळ घासून सपाट करण्याआधी) सरळपट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) लावून तुमच्यासमोर मोजायला लावा. बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना 0.05 मिमीच्या आसपासच वाक चालतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर नको. बारीक भोक बुजतं, पण हीटरच्या नळ्याही बुजतात. सगळं सुरळीत झालं की नळाचं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. सोसायटीतलं टँकरचं पाणी तर नकोच, त्याचा क्षार धरतो.

आता बेल्ट. तो मुळात का तुटला, हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. बेल्ट उतरवून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी), आयडलर (बेल्टला वळण देणारी), अल्टरनेटर, एसी अशी प्रत्येक पुली हाताने फिरवायची. एक जरी खरखरली किंवा अडली तरी नवा बेल्टही टिकणार नाही. क्रँक पुलीच्या (इंजिनाने फिरणाऱ्या मुख्य पुलीच्या) मागे जुन्या बेल्टचे दोरे गुंडाळलेले आहेत का, तेही टॉर्च मारून बघा. ते ऑइल सील कापतात आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा चालवणारा वेगळा बेल्ट) असलेल्या गाडीत कव्हरच्या आतही शिरतात.

आणि ती तीन लक्षणं (बॅटरीचा दिवा, जड स्टेअरिंग, लालवर काटा) एकदम दिसली की गाडी डावीकडे घेऊन तिथेच बंद करायची. 'हीटर फुल करा, इंजिन थंड होईल' हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. वॉटर पंपच फिरत नसेल तर गरम पाणी हीटरपर्यंत येणार कसं? झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. दाबाखाली कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

प्रश्न : बेल्ट तुटल्यावर ओढणी बांधून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते म्हणतात. खरं का?
– एक वाचक, दादर

उत्तर : पद्मिनी टॅक्सीच्या काळातल्या व्ही-बेल्टवर असले प्रयोग चालून जात. आजच्या सहा धारांच्या बेल्टवर गाठ पुलीवरून जातच नाही, उलट कापड आत अडकतं. त्यापेक्षा डिकीत नवा बेल्ट ठेवा. त्याचं माप जुन्याच्या पाठीवर छापलेलं असतं: 6पीके1200 म्हणजे सहा धारा, 1200 मिमी लांबी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट ढिगाने मिळतात, पण तिथून दरवाजा घ्या, बेल्ट नको.