३,४०,००० रुपयांचं कोटेशन आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : आम्ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. लग्नाला नागपूरला गेलो होतो, अकरा दिवस घर बंद होतं. परत आलो तर बाथरूममधल्या गिझरचा कनेक्शन पाईप फुटून घरभर पाणी. हॉल, बेडरूम, कपाटं, सगळं भिजलंय. एका कंपनीने पूर्ववत करून द्यायचे ३,४०,००० सांगितले, निम्मे आगाऊ. दीर म्हणतात, आपला रंगारी ८०,००० मध्ये करतो. खालच्या मजल्यावरचे पीओपी छताचे ६०,००० मागतात. बचत खात्यात ९०,००० आहेत. मुलीच्या फीसाठी ठेवलेली ५ लाखांची एफडी चार महिन्यांनी मुदत भरते, ती मोडू का?

उत्तर : ताई, तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी दोन ओळींत कळवलं होतं, की सुकवायचं काम उद्याच सुरू करा आणि बाकी कशावरही सही करू नका. त्यामागचा हिशोब आता सविस्तर मांडतो.

कंपनीही चूक नाही आणि दीरही चूक नाहीत. दोघं दोन वेगळ्या कामांबद्दल बोलताहेत. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये सहा कामं एका गठ्ठ्यात बांधलेली आहेत: पाणी काढणं आणि यंत्रं लावून सुकवणं ४८,०००, बुरशीनाशक फवारणी २२,०००, विजेची तपासणी १०,०००, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ६५,०००, पूर्ण घराचं प्लास्टर-पुट्टी-रंग १,१०,००० आणि कपाटं ८५,०००. शेवटी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलंय. १८ टक्क्यांनी आकडा ४,०१,२०० होतो. तो तुम्हाला कुणी तोंडी सांगितला नसावा.

यातलं पहिलं काम मात्र खरंच त्यांचं आहे. फरशीवरचं पाणी तुम्ही पुसून काढलंत, पण फरशीखालच्या रेती-सिमेंटच्या थरात ते तसंच मुरलेलं असतं. म्हणून तुमच्याकडे कोरडं दिसत असताना खालच्यांच्या छतातून अजून थेंब पडताहेत. भिंतीचं प्लास्टरही खालून वर पाणी ओढतं. पंखे लावून, खिडक्या उघडून हे सुकतं, पण आठवडे लागतात, आणि बुरशी धरायला दोन-तीन दिवस पुरतात. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) आणि जमिनीलगत वारा मारणारे मोठे ब्लोअर कुठल्याही रंगाऱ्याकडे नसतात. पाच दिवसांचे ४८,००० स्वस्त नाहीत, पण इथे वेळेची किंमत मोजायची आहे. कराराला एकच अट घाला : ओलावा मोजायच्या मीटरने रोज त्याच ठरावीक जागी मोजायचं आणि आकडे लिहून द्यायचे. आकडे खाली आले नाहीत तर यंत्रं आणखी दोन दिवस, त्याच पैशात. चांगली माणसं याला नाही म्हणत नाहीत.

विजेचं काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. भिंतीतल्या वायरींच्या पाईपांमध्ये, खालच्या स्विचबोर्डांत पाणी साचलेलं असू शकतं. त्याला मेगर (वायरीवरचं आवरण कुठे वीज गळू देतंय का, हे मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासायला सांगा. तोवर भिजलेल्या खोल्यांचे एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचे, वीज तोडणारे खटके) पाडून ठेवा. ६,००० च्या आसपास होईल, आणि यात काटकसर नको.

फवारणी नको. काळे डाग जिथे दिसतील तिथे हातमोजे आणि मास्क घालून साबणाच्या पाण्याने घासून, पुसून कोरडं करायचं. कपाटाच्या एमडीएफच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीच्या) पाठीला बुरशी लागली असेल तर फवारून उपयोग नाही, ती पाठच काढून टाकावी लागते.

वॉटरप्रूफिंगबद्दल जरा रागच आला. तुमच्याकडे बाथरूमची फरशी गळली नाही, पाईप फुटला. जगातलं उत्तम वॉटरप्रूफिंग केलं असतं तरी पाईपातून आलेलं पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये आलंच असतं. दहा वर्षांच्या वॉरंटीचा कागद दाखवून ६५,००० मागायला घाबरलेलं गिऱ्हाईक लागतं, आणि तुम्ही त्या दिवशी घाबरलेल्या होतात. ही ओळ सरळ खोडा.

आता रंग. इथे दिरांचा रंगारी योग्य माणूस आहे, फक्त त्याने आत्ता यायचं नाही. आमच्या घरी एकदा पावसाळ्यात गच्चीतून भिंत भिजली होती. पाहुणे यायचे म्हणून मी दसऱ्याला पुट्टी मारून रंग लावून घेतला. संक्रांतीपर्यंत भिंतीला पोपडे, आणि तेच काम पुन्हा, तेच पैसे पुन्हा. घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, कारण लोकांना आर्थिक शिस्त शिकवायचा माझा धंदा! म्हणून तुम्ही आधी भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर रंगाऱ्याला परत पाठवा. सहा आठवडे लागले तरी लागू देत. आणि पूर्ण घर रंगवायची गरज नाही, भिजलेल्या दोन खोल्यांचे ४५,००० धरा.

कपाटांचं तसंच. प्लायवुड चांगल्या प्रतीचं असेल तर तग धरतं, एमडीएफ एकदा फुगलं की बसत नाही. सुताराला बोलावून फक्त खालचे भाग आणि पाठी बदलून घ्या. मी ३५,००० धरतो.

खालच्यांचं नुकसान तुमच्या घरातल्या पाईपमुळे झालं, त्यामुळे ते भरून देणं तुमच्याकडे येतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही सदनिकेच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदावरच टाकलेला आहे. पण रोख ६०,००० हातात देऊ नका. छत पूर्ण सुकल्यावर तुमचाच रंगारी तिथे पाठवा, जेवढं पीओपी खराब झालंय तेवढंच बदला, आणि काम झाल्यावर दोन ओळी लिहून घ्या की आता काही मागणं नाही. शेजारधर्म म्हणून आजच खाली जाऊन एवढं तोंडाने सांगून या. माणसं बहुतेक वेळा पैशापेक्षा गप्प बसण्यावर चिडतात. ३०,००० बाजूला ठेवा.

बेरीज करू. सुकवणं जीएसटीसकट ५६,६४०, वीज ६,०००, रंग ४५,०००, सुतार ३५,०००, शेजारी ३०,०००. एकूण १,७२,६४०. त्यातले ६२,६४० या आठवड्यात लागतील, ते बचत खात्यातून जातील आणि हाताशी २७,००० उरतील. बाकीचे १,१०,००० पुढच्या दीड-दोन महिन्यांत, टप्प्याटप्प्याने.

त्यासाठी एफडी मोडू नका. तुमची एफडी दोन वर्षांची, ७ टक्क्यांची, वीस महिने झालेली. तुमच्या पावतीवर मुदतीआधी मोडल्यास १ टक्का कमी व्याज असं छापलंय. ५ लाखांवर वीस महिन्यांचा तो एक टक्का म्हणजे सुमारे ८,३०० रुपये, शिवाय फीचे पैसे मोकळे झाले की ते इकडे-तिकडे जायची भीती वेगळीच. त्याऐवजी त्याच एफडीवर १ लाखाचं ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता, ती तारण ठेवून बँकेकडून लागतील तसे पैसे उचलायची सोय. बँका सहसा एफडीच्या दरावर एखादा टक्का लावतात, म्हणजे ८ टक्के. पूर्ण लाख चारही महिने वापरला तरी व्याज साधारण २,६७०, आणि तोच लाख एफडीत पडून तेवढ्याच काळात २,३३० कमावतो. निव्वळ खर्च ३४० रुपये. उरलेले दहा हजार दोन पगारांतून सहज निघतील. फक्त एक अट पाळा : चार महिन्यांत ओव्हरड्राफ्ट फेडलं नाही तर फीमधून तेवढे कापले जातील. म्हणून दोन पगारांतलं बाहेरचं खाणंपिणं आणि खरेदी थांबवून ते आधी भरायचं, आणि विम्याचे पैसे आले तर ते थेट तिकडेच.

हो, विमा. तुम्ही लिहिलंय, ‘आमचा घराचा विमा नाही.’ मला शंका आहे. तुम्ही २०२१ मध्ये गृहकर्ज काढलंत. त्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात घराची पॉलिसी असते आणि प्रीमियम कर्जातच मिळवलेला असतो, हे कितीतरी घरांत पाहिलंय. कर्ज खात्याचा नंबर घेऊन शाखेत जा आणि विचारा. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी देतात, तिची मुदत दहा वर्षांपर्यंत असू शकते आणि पाण्याची टाकी किंवा पाईप फुटून झालेलं नुकसान तिच्यात धरलेलं आहे. घर आणि सामान असं दोन्ही घेतलं असेल तर सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण आपोआप मिळतं. नुसतं घरच घेतलं असेल तर सामानाचं काही मिळणार नाही. फुटलेला पाईप स्वतः, म्हणजे झिजलेली वस्तू, भरून मिळत नाही. शेजाऱ्याचं नुकसानही वेगळं कलम घेतलं असेल तरच येतं.

पॉलिसी सापडली तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. सर्व्हेअर (नुकसान पाहायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस) येईपर्यंत फुगलेले दरवाजे, भिजलेल्या गाद्या फेकू नका, बाल्कनीत ठेवा. सुकवणं मात्र थांबवायचं नाही, नुकसान वाढू न देणं हे तुमचंच काम समजलं जातं. आधीचे फोटो, फुटलेला पाईप पिशवीत घालून, प्लंबरचं कारण लिहिलेलं पत्र आणि सुकवण्याचं जीएसटी बिल जपा. ८०,००० चं काम रोखीने, बिलाशिवाय करून घेतलंत तर क्लेमला दाखवायला काहीच उरत नाही. घर किती दिवस बंद होतं हे विचारलं जाईल, खरं ते अकरा दिवस सांगा. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात, म्हणून शाखेतूनच विचारून घ्या की दुरुस्तीसाठी ते तुम्हाला मिळवायला कोणतं पत्र लागेल.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, कंपनीचा माणूस रोज फोन करतो, त्याला काय सांगू? त्याला म्हणा : “मला फक्त सुकवण्याचं वेगळं कोटेशन द्या, रोजच्या आकड्यांसह. काम सुरू झालं की निम्मे, मीटर उतरलं की निम्मे. बाकीचं मी दुसऱ्याकडून करून घेतेय.” त्याने ते मान्य केलं नाही, तर दुसरी कंपनी शोधा.