अमेरिकेत जलविद्युत धरणाच्या परवान्याची मुदत संपली की धरण पाडतात का?

सहसा नाही. मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स धरणाला 1997 मध्ये परवाना नाकारला गेला आणि 1999 मध्ये ते पाडलं, पण ते अपवादातलं. एरवी भांडण असतं ते ओढ्यात किती पाणी ठेवायचं यावर. मी याच परवान्यांच्या कामात आहे, म्हणून एकच ओढा घेऊन सांगतो.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर बिशप क्रीक आहे. शेजारच्या नेवाडा राज्यातल्या टोनोपा-गोल्डफील्डच्या खाणींना वीज हवी होती, म्हणून 1905 मध्ये इथलं पहिलं वीजगृह चालू झालं. आज वर नऊ हजार फुटांच्या पुढे साउथ लेक आणि लेक सबरीना हे दोन जलाशय, आणि खाली ओळीने पाच वीजगृहं. त्यांचे नंबर 2 ते 6. एक नंबरचं कधी बांधलंच नाही! सगळी मिळून 30 मेगावॉटसुद्धा भरत नाहीत. आपल्या कोयनेची क्षमता 1960 मेगावॉट आहे.

पण पाण्याकडे बघा. एका वीजगृहातून सुटलेलं पाणी मोकळं वाहायच्या आत पुढच्या पाइपात शिरतं. उतारावर जाडजूड पाइप भरून चाललेला असतो, आणि शेजारच्या पात्रात परवान्याच्या अटीनुसार सोडतील तेवढीच धार. ट्राउट मासे आणि काठची झाडं जगतात ती त्या धारेवर. शिवाय खालच्या हक्कदारांना कधी किती पाणी पोचलं पाहिजे, हे 1922 च्या चँडलर डिक्रीने, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याने, बांधून दिलंय. त्यामुळे वीजगृहं चालवणाऱ्या कंपनीला वरचं पाणी मनाला येईल तसं अडवून ठेवता येत नाही.

परवाना देतं फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे फर्क. मुदत 30 ते 50 वर्षं. मुदत संपायच्या निदान पाच वर्षं आधी कंपनीने इरादा कळवायचा, दोन वर्षं आधी अर्ज द्यायचा. कायद्यातल्या 1986 च्या दुरुस्तीपासून विजेइतकाच मासे, वन्यजीव आणि पर्यटनाचाही विचार करणं फर्कला भाग आहे. पण खरा जोर इतरांच्या हातात असतो. जमीन राष्ट्रीय वनाची असेल तर वनखात्याने घातलेल्या अटी फर्कला गाळता येत नाहीत, आणि राज्याचं पाणी-गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच.

बिशप क्रीकचा 1994 चा परवाना 2024 मध्ये संपला. म्हणून वीजगृहं बंद पडत नाहीत. नवा परवाना हातात येईपर्यंत जुन्याच अटींवर वर्षावर्षाची मुदत मिळत राहते. माझ्या मते ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी पळवाट आहे: कागद रखडले की भुर्दंड ओढ्याला.

एखाद्या प्रकल्पाची कागदपत्रं चाळणार असाल तर आधी अभ्यासाचा आराखडा आणि किमान प्रवाहाचा तक्ता काढा. ओढ्याच्या कुठल्या टप्प्यात मासे मोजायचे हे आराखड्यातच ठरतं; तिथे सुटलेला टप्पा पुढे कितीही ओरडलं तरी सहसा आत येत नाही. बाकीची शेकडो पानं सवडीने वाचली तरी चालतील.