दोनशेच्या पुढची सहा युनिटे

प्रश्न : आम्ही बेळगावच्या वडगाव भागात राहतो. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे आमचे करंटचे बिल कधी शून्य, तर कधी शंभर-दोनशे रुपये येत असे. गेल्या महिन्यात सून बाळंतपणाहून घरी आल्यामुळे पंखा रात्रंदिवस चालला, गिझरही दोन वेळा लागला आणि २०६ युनिटांचे सोळाशेहून अधिक रुपयांचे बिल हातात पडले. बिल कन्नडमध्ये असल्याने शेजारच्या मुलाकडून वाचून घेतले. ते चुकले आहे का? आणि खासगी कंपन्या आल्या की मोबाइलप्रमाणे विजेचेही दर उतरतील, असे माझा मुलगा म्हणतो, ते खरे आहे का?
– एक वाचक भगिनी, वडगाव

उत्तर : आपला मंजूर भार, म्हणजे घरासाठी मंजूर झालेली वीजक्षमता, दोन किलोवॅट असल्याचे धरून हिशेब केला, तर बिल चुकलेले दिसत नाही. २०२५-२६ साठी कर्नाटक वीज नियामक आयोगाने घरगुती दर युनिटला ५ रुपये ८० पैसे ठरवला असून, त्यानुसार २०६ युनिटांचे सुमारे १,१९५ रुपये होतात. त्यात कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी युनिटमागे लावलेल्या ३६ पैशांचे ७४, किलोवॅटला १४५ प्रमाणे स्थिर आकाराचे (वापर कितीही असो, दरमहा लागणाऱ्या रकमेचे) २९० आणि वीजवापराच्या रकमेवरील ९ टक्के कराचे १०८ रुपये मिळवले की बेरीज १,६६७ वर जाते. वीजखरेदीच्या खर्चातील फरकाची रक्कम दरमहा बदलते आणि ती याखेरीज असते. बिलावरील कन्नड ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार आणि ‘तेरिगे’ म्हणजे कर. ‘बाकी’ मात्र दोन्ही भाषांत बाकीच आहे. या ओळी एकदा ओळखीच्या झाल्या की दुसऱ्याकडे बिल घेऊन जावे लागणार नाही.

खरे दुखणे दोनशेच्या रेषेचे आहे. २०२२-२३ मधील आपला सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज योजनेत मोफत मिळते. त्यापुढे, पण दोनशेच्या आत राहिले, तर फक्त जादा युनिटांचे पैसे पडतात. दोनशे ओलांडले की पहिल्या युनिटापासून सगळे बिल आपल्या माथी येते. म्हणजे शेवटच्या सहा युनिटांनी आपल्या घरावर हजाराहून अधिक रुपयांचा भार टाकला. बाळंतिणीच्या घरात हिशेबाने पंखा बंद करा, असे सांगणे मला योग्य वाटत नाही. दोष या आखणीचा आहे, आपल्या घराचा नाही. पुढील महिन्यात वापर दोनशेच्या आत आला की सवलत पुन्हा लागू होते. मात्र महिना निम्मा झाला की मीटरवरचा आकडा मागील बिलाशी ताडून पाहण्याची सवय लावावी.

चिरंजिवांच्या म्हणण्याबद्दल. मोबाइल कंपन्यांनी आपापले मनोरे उभारले, परंतु विजेचे खांब आणि तारा गल्लीत एकाच असतात आणि नवा विक्रेता त्याच तारांवरून, त्यांचे भाडे भरून वीज देतो. मुंबईच्या उपनगरांत २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ग्राहकांना दोन कंपन्यांत निवड करता येऊ लागली, तरी दर आयोगच ठरवतो आणि तारांच्या वापराचे शुल्क ग्राहकाला चुकत नाही. शिवाय बिलातील सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा आहे आणि ही खरेदी बहुतांशी दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधलेली असते. विक्रेता बदलल्याने ते करार स्वस्त होत नाहीत. एक मेगावॅटहून मोठ्या ग्राहकांना २००३ च्या वीज कायद्याने बाहेरून वीज घेण्याची मुभा आधीच दिली आहे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखादी मोठी फाउंड्री अशी वीज घेऊ लागली, की तिच्या जादा दरातून घरांना आणि शेतीपंपांना मिळणारा आधार कमी होतो. एकाच भागात अनेक वितरक आणू पाहणारे २०२२ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडल्यावर स्थायी समितीकडे गेले आणि मंजूर झाले नाही. स्पर्धा वाईट नाही, पण तिच्या भरवशावर घरखर्चाचा हिशेब मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे कधी रीडिंगच चुकीचे वाटले, तर पैसे थकवून बसू नये. वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. तसेच बिलाबाबत वाद असल्यास मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. त्यानंतर उपविभागीय कार्यालयात, तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालाकडे जावे. अर्ज मराठीत लिहायला संकोच करू नये. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. आयोग दरवाढीपूर्वी हरकती मागवतो, तेव्हा दोनशेच्या रेषेचा आपला हा अनुभवही लिहून पाठवावा आणि त्याची प्रत आमदारांना द्यावी, कारण योजना सरकारची आहे. प्रत्येक अर्जावर आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा आपला ग्राहक क्रमांक, ठळक लिहावा आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये.