चार वर्षांच्या मुलीला जंतू आणि हात धुणं चित्रांच्या पुस्तकातून कसं समजावू?

पुस्तक घेताना आधी जंतूचं चित्र बघा. शिंगं-सुळेवाला राक्षस असेल तर मी ते परत ठेवते. एक तर मुलं रात्री घाबरतात. शिवाय हातावर राक्षस दिसत नाही म्हणजे हात स्वच्छ, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. त्यापेक्षा डोळ्यांना न दिसणारा जंतू मातीतून हातावर, हातावरून पोळीवर आणि तिथून पोटात कसा जातो, हे दाखवणारं पुस्तक घ्या. दह्यातही जंतू असतात आणि ते चांगले असतात, हेही सांगून टाका.

वाचून झाल्यावर लगेच एक खेळ करा. ताटलीत पाणी घेऊन वर मिरपूड भुरभुरवा. साध्या बोटाने फारसं काही होत नाही, पण साबणाचं बोट टेकवलं की मिरपूड झटकन कडेला पळते. (हा खरं तर पृष्ठताणाचा, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातल्या ताणाचा खेळ; साबणाने तो ताण कमी होतो. जंतू असे पळत नाहीत. साबण हातावरचा तेलकट मळ सोडवतो आणि जंतू त्याच्यासोबत वाहून जातात. पण चार वर्षांच्या मुलीला एवढं पुरे.)

हात किमान २० सेकंद चोळायचे. तिला आकडे कंटाळवाणे वाटतील, तेव्हा आवडतं बडबडगीत म्हणा. अंगठा आणि नखं हमखास राहतात, तिथे लक्ष द्या. आणि बेसिनपुढे एक पाट ठेवा. निम्म्या वेळा मुलांचा कंटाळा म्हणजे नळापर्यंत हात न पोचणं असतं.